चार मूर आणि सरकलेली पट्टी : सार्डिनियाच्या ध्वजाचे वाचन

सार्डिनिया बेटाचा ध्वज प्रथमच पाहणारा माणूस क्षणभर थबकतो. पांढऱ्या वस्त्रावर तांबडा क्रूस आणि त्या क्रुसाने पाडलेल्या चार चौकटींत चार काळी मस्तके, एवढाच त्याचा तपशील. मस्तके मानेपाशी छाटलेली आहेत, प्रत्येकाच्या कपाळावर पांढरी पट्टी आहे आणि चारही चेहरे एकाच दिशेला वळलेले आहेत. बेटावर या ध्वजाला ‘चार मूर’ याच नावाने ओळखतात. भूमध्य समुद्रातील हे बेट (क्षेत्रफळ सुमारे २४ हजार चौरस किलोमीटर, लोकवस्ती साडेपंधरा लाखांच्या आसपास) इटलीच्या पाच विशेष स्वायत्त प्रदेशांपैकी एक आहे. सरकारी कचेरीवर, फुटबॉलच्या मैदानात आणि मोर्च्यातही तेथे हाच ध्वज सारख्याच आपुलकीने फडकवला जातो.

ध्वजावर सिंह, गरुड किंवा तलवार असणे आपल्याला खटकत नाही. ती सामर्थ्याची चिन्हे आहेत. परंतु पराभूत शत्रूचे छाटलेले मस्तक एखाद्या समाजाने आपले चिन्ह म्हणून मिरवावे, आणि मिरवता मिरवता त्याच मस्तकात स्वतःचा चेहरा पाहू लागावे, हे विरळा आहे. सार्डिनियात नेमके हेच घडले. हा ध्वज बेटावर आला तो जेत्याची खूण म्हणून. आज तो जितांचा झाला आहे. हे स्थित्यंतर कसे झाले, आणि ते झाल्यानंतरही त्या चित्रातले काय बदलले नाही, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटू नये. संहिता, पाठभेद, कर्त्याचा हेतू आणि वाचकाने घडवलेला अर्थ हे आपले नित्याचे प्रश्न येथे एका कापडावर एकत्र आले आहेत.

आरंभी ‘मूर’ या शब्दाविषयी. वायव्य आफ्रिकेतील लोकांना उद्देशून रूढ झालेला हा शब्द मध्ययुगीन युरोपात ‘मुसलमान’ आणि ‘काळ्या वर्णाचा माणूस’ अशा दोन्ही अर्थांनी वापरला जाई. इ. स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम फौजांनी इबेरियात, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालमध्ये, पाऊल ठेवले आणि पुढची सुमारे आठ शतके तेथील ख्रिस्ती राज्यांच्या दृष्टीने शत्रूचे नाव ‘मूर’ हेच राहिले. पोर्तुगीज १४९८ मध्ये आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हा तो शब्द सोबत घेऊन आले आणि येथल्या मुसलमानांनाही त्यांनी त्याच नावाने संबोधले. सांगायचे असे की, हा शब्द विशिष्ट माणसाचे वर्णन करीत नाही. ‘आपण’ आणि ‘ते’ यांच्यामधली रेषा आखण्यासाठी तो वापरला गेला.

या चिन्हाचा सर्वांत जुना उपलब्ध पुरावा सार्डिनियातला नाही. तो आरागॉनच्या राजदरबारातला आहे. आरागॉनचा राजा तिसरा पेद्रो याच्या १२८१ सालच्या शिशाच्या राजमुद्रेवर क्रूस आणि चार मस्तके दिसतात. या चिन्हाची जन्मकथा म्हणून आरागॉनमध्ये सांगितली जाते ती आल्कोरासच्या लढाईची. १०९६ मध्ये उएस्का शहराजवळ पहिल्या पेद्रोने मुस्लिम सैन्याचा पराभव केला. कथा अशी की, लढाई ऐन भरात असताना साक्षात संत जॉर्ज पांढऱ्या वस्त्रावर तांबडा क्रूस धारण करून रणांगणात अवतरला आणि विजयानंतर चार मूर राजांची मस्तके तेथे पडलेली आढळली. आरागॉन प्रांताच्या आजच्या मानचिन्हातही या क्रुसाला आणि चार मस्तकांना एक चौकट दिलेली आहे.

लढाई ऐतिहासिक आहे. संताचे अवतरण ही नंतर लिहिल्या गेलेल्या बखरींची देणगी. लढाई आणि मुद्रा यांत १८५ वर्षांचे अंतर आहे. अशा कथेला खोटी म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु तिचे कार्य कोणते, हे पाहणे अधिक उपयोगाचे. ती विजयाला दैवी संमती देते आणि हिंसेचे रूपांतर पुण्यात करते. क्रूस आणि मस्तक एकाच वस्त्रावर का आहेत, याचे उत्तर या कथेत मिळते: क्रुसाच्या सामर्थ्याने मस्तके पडली. मूळ संहितेतील मस्तके अशी निःसंदिग्धपणे ‘त्यांची’ होती.

सार्डिनियन परंपरेला ही जन्मकथा अर्थातच अपुरी वाटली. आपल्या ध्वजाचा जन्म परक्या भूमीवर झाला हे कोणाला आवडेल? म्हणून बेटावर दुसरी कथा रुजली. इबेरियातील देनियाचा सत्ताधीश मुजाहिद याने १०१५-१६ मध्ये सार्डिनियावर स्वारी केली होती आणि पिसा व जिनोआ या सागरी नगरराज्यांनी त्याला तेथून हुसकावून लावले, हा इतिहास आहे. कथेने त्यात एवढीच भर घातली की, आठव्या बेनेडिक्ट पोपने पिसाच्या योद्ध्यांना एक ध्वज दिला आणि तोच पुढे चार मुरांचा ध्वज झाला. तिसरे स्पष्टीकरण संख्येच्या आधाराने केले जाते. मध्ययुगात सार्डिनियात कालियारी, आर्बोरिया, तोर्रेस आणि गाल्लूरा अशी चार स्वतंत्र राज्ये होती. त्यांच्या प्रमुखाला ‘न्यायाधीश’ अशा अर्थाची पदवी असे. चार मस्तके म्हणजे ही चार राज्ये, असे आजही अनेक सार्डिनियन लोक सांगतात.

कालक्रमाच्या कसोटीवर या दोन्ही व्युत्पत्ती टिकत नाहीत. आठव्या बोनिफेस पोपने ‘सार्डिनिया आणि कॉर्सिकाचे राज्य’ निर्माण करून ते आरागॉनच्या दुसऱ्या जेम्सला बहाल केले १२९७ मध्ये. राजमुद्रेवर चार मस्तके उमटली ती त्याच्या सोळा वर्षे आधी, जेव्हा आरागॉनचा सार्डिनियाशी राज्यकर्ता म्हणून संबंधच नव्हता. तेव्हा त्या मस्तकांचा मूळ अर्थ सार्डिनिया किंवा तेथील चार राज्ये असा असू शकत नाही. तथापि लोकव्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या दृष्टीने चुकीची असली तरी समाजाच्या मनाविषयी खरे बोलत असते. पिसाची कथा ‘हे चिन्ह आम्हांला वाचवणाऱ्यांचे आहे’ असे म्हणते. चार राज्यांची कथा त्याच्याही पुढे जाऊन ‘ही मस्तके म्हणजे आम्हीच’ असे म्हणते. या दुसऱ्या विधानात पुढच्या सर्व इतिहासाचे बीज आहे.

पोपने बहाल केलेले राज्य प्रत्यक्षात जिंकून घ्यावे लागले. १३२३ मध्ये आरागॉनचा राजपुत्र आल्फोन्सो बेटावर उतरला आणि पुढच्या वर्षी पिसाने हार मानली. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालेल्या आणि आज ब्रुसेल्सच्या राजग्रंथालयात असलेल्या ‘गेल्रे’ या प्रसिद्ध चिन्हसंग्रहात चार मूर हे सार्डिनियाचे चिन्ह म्हणून चितारलेले आहेत. म्हणजे तोवर हे चिन्ह आरागॉनच्या अनेक मुलखांपैकी या एका मुलखाला चिकटवले गेले होते. नाव देणारा आणि नाव मिळणारा यांच्यातले नाते येथे समान पातळीवरचे नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

कारण त्याच काळात बेटावर आणखी एक ध्वज होता. आर्बोरियाच्या राज्याची निशाणी म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीवर मुळांसकट दाखवलेले हिरवे झाड. चार राज्यांपैकी हेच एक शेवटपर्यंत टिकून राहिले आणि चौदाव्या शतकाच्या मध्यापासून त्याने आरागॉनशी प्रदीर्घ युद्ध केले. या राज्याची कर्ती स्त्री एलेओनोरा हिने ‘कार्ता दे लोगू’ ही कायद्याची संहिता सार्डिनियन भाषेत जारी केली. ती पुढे १८२७ पर्यंत, म्हणजे चार शतकांहून अधिक काळ, बेटावर लागू राहिली. १४०९ मध्ये सान्लूरीच्या लढाईत आर्बोरियाचा कणा मोडला आणि १४२० मध्ये त्याच्या उरलेल्या हक्कांचा एक लाख फ्लोरिन घेऊन सौदा झाला. त्या युद्धात स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांच्या डोक्यावर झाड होते आणि चार मूर समोरच्या बाजूला होते. अलीकडच्या काही स्वातंत्र्यवादी गटांनी चार मुरांऐवजी आर्बोरियाचे झाड पसंत केले आहे, त्यामागे हीच स्मृती आहे. इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बिनतोड आहे; तरीही बहुसंख्य सार्डिनियन जनतेने ते स्वीकारलेले नाही. चिन्हाचा न्यायनिवाडा केवळ त्याच्या जन्मदाखल्यावर होत नाही.

स्पेनच्या अमलात चार मूर बेटावर स्थिरावले, त्याला त्या काळातील समुद्राचीही साथ मिळाली. उत्तर आफ्रिकेच्या बंदरांतून येणारे चाचे किनाऱ्यावरची गावे लुटून माणसे गुलाम म्हणून नेत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दुसऱ्या फिलिपच्या काळात, बेटाच्या किनाऱ्याभोवती टेहळणीच्या बुरुजांची साखळी उभी राहिली. त्यांतले अनेक आजही उभे आहेत. ही भीती पोकळ नव्हती. १७९८ इतक्या उशिरा ट्युनिसहून आलेल्या चाच्यांनी नैऋत्येच्या लहान बेटावरील कार्लोफोर्ते गावातून सुमारे नऊशे माणसे उचलून नेली. त्यांची सुटका व्हायला १८०३ उजाडले. समुद्रातून येतो तो लुटायलाच येतो, अशा अर्थाची म्हण सार्डिनियन भाषेत आहे. ही म्हण मात्र केवळ मुरांना उद्देशून नाही. पिसा, जिनोआ, आरागॉन, स्पेन, पुढे पिएमाँत, सारे समुद्रातूनच आले. ध्वजावरचा शत्रू आणि प्रत्यक्षातला राज्यकर्ता या दोघांना एकाच म्हणीत बसवणाऱ्या लोकांना ध्वजाचा अधिकृत अर्थ पूर्णपणे पटला होता, असे म्हणणे कठीण आहे.

१७२० मध्ये युरोपातील सत्तांच्या देवघेवीत सार्डिनिया साव्होय घराण्याकडे गेले. तुरीनमध्ये राहणाऱ्या या घराण्याला बेटापेक्षा ‘सार्डिनियाचा राजा’ या पदवीची गरज अधिक होती. आणि याच राजवटीत ध्वजाच्या संहितेत एक लक्षणीय पाठभेद शिरला. आधीच्या चित्रांत पट्टी बहुधा कपाळावर असे. आता ती सरकून डोळ्यांवर आली. चेहऱ्यांची दिशाही पालटली आणि ते ध्वजदंडाकडे पाहू लागले. पाहू लागले म्हणणेही चूकच, कारण आता डोळे बांधलेले होते.

हा पाठभेद कसा निर्माण झाला? सर्वसामान्यपणे दिले जाणारे उत्तर नक्कलकाराच्या चुकीचे आहे. कोण्या चित्रकाराने किंवा ठसे कोरणाऱ्याने पट्टी थोडी खाली उतरवली आणि पुढच्यांनी तीच नक्कल प्रमाण मानली. पोथ्यांच्या अभ्यासकाला हे चांगले परिचयाचे आहे. एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावी लागली ती अशाच हातोहात शिरलेल्या पाठांमुळे. परंतु पाठचिकित्सेत भ्रष्ट पाठ ओळखून वगळला की काम संपते. येथे तसे होत नाही. येथे भ्रष्ट पाठानेच नवा अर्थ जन्माला घातला. कपाळावरच्या पट्टीत राजपदाची खूण पाहिली गेली होती, मुकुट नसला तरी मुकुटाची आठवण. डोळ्यांवरची पट्टी मात्र कैद्याची असते, मृत्युदंडाला नेल्या जाणाऱ्याची असते. ज्या लोकांवर दूरच्या तुरीनमधून राज्य केले जात होते, त्यांना डोळे बांधलेल्या मस्तकात परका शत्रू दिसेनासा झाला आणि आपली अवस्था दिसू लागली, तर त्यात नवल नाही.

या अवस्थेचे टप्पे इतिहासात नोंदलेले आहेत. १७९३ च्या आरंभी सार्डिनियन लोकांनी फ्रेंच आक्रमण परतवले. त्या बदल्यात मागितलेले हक्क राजाने नाकारले. २८ एप्रिल १७९४ रोजी कालियारीकरांनी पिएमाँतहून आलेल्या अधिकाऱ्यांना जहाजांवर चढवून परत पाठवले. हा दिवस १९९३ च्या कायद्यापासून ‘सार्डिनियाचा दिवस’ म्हणून साजरा होतो. त्या उठावाच्या काळात फ्रांचेस्को इग्नात्सियो मान्नू याने सरंजामदारांविरुद्ध सार्डिनियन भाषेत रचलेले गीत २०१८ मध्ये प्रदेशाचे अधिकृत गीत झाले. १८४७ मध्ये बेटाच्या जुन्या स्वतंत्र संस्था विसर्जित होऊन ते पिएमाँतशी पूर्णतः एकरूप करण्यात आले. इटलीचे एकीकरण ज्या राज्याच्या नावे झाले ते ‘सार्डिनियाचे राज्य’, पण १८६१ मध्ये इटलीचे राज्य घोषित झाले तेव्हा त्या नावातले बेट स्वतःच मुकाट झालेले होते.

उत्तरेकडच्या शेजारी बेटाची तुलना येथे उद्बोधक ठरते. कॉर्सिकाचे चिन्ह एकच मूर मस्तक आहे आणि तेही आरागॉनच्याच वारशातले. तेथे पास्क्वाले पाओलीच्या स्वतंत्र राज्याने १७६२ मध्ये ते अधिकृत केले ते पट्टी डोळ्यांवरून कपाळावर चढवून. कॉर्सिकनांना आता स्वच्छ दिसायला हवे, असे त्याचे स्पष्टीकरण पाओलीच्या नावावर सांगितले जाते. उद्गार त्याचाच असो वा नसो, कृतीचा अर्थ तोच आहे. राजकीय इच्छाशक्ती असेल तेव्हा पाठभेद जाणीवपूर्वक दुरुस्त होऊ शकतो. सार्डिनियाला त्यासाठी आणखी दोन शतके थांबावे लागले.

मधल्या काळात चिन्ह राजाच्या दप्तरातून लोकांच्या हाती आले, आणि ते पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत. १९१५ मध्ये मुख्यतः सार्डिनियन शेतकरी आणि मेंढपाळ यांची ‘ससारी ब्रिगेड’ उभी राहिली. आजवर गावागावांत विखुरलेल्या माणसांना आपण एक आहोत याची जाणीव मरणाच्या छायेत झाली. या ब्रिगेडमध्ये अधिकारी असलेल्या एमिलियो लुस्सूने पठारावरच्या एका वर्षाचे अनुभव पुढे पुस्तकरूपाने लिहिले. १९३८ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झालेले ते पुस्तक युद्धसाहित्यात मानाचे स्थान राखून आहे. त्यात शत्रूपेक्षा आपल्याच सेनापतींच्या निर्बुद्ध हुकुमांची दहशत अधिक आहे. डोळे बांधून मरणाकडे नेले जाणे ही या सैनिकांसाठी अलंकारिक भाषा नव्हती. परतलेल्या सैनिकांनी १९२१ मध्ये ‘सार्डिनियन कृती पक्ष’ स्थापन केला आणि त्याचे चिन्ह म्हणून चार मूर निवडले. सहाशे वर्षांपूर्वी जेत्याने चिकटवलेली खूण आता स्वायत्ततेच्या मागणीची खूण झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या घटनात्मक कायद्याने, सार्डिनियाला विशेष स्वायत्तता मिळाली आणि १९५२ च्या राष्ट्राध्यक्षीय हुकुमाने चार मुरांना प्रदेशाचे चिन्ह म्हणून मान्यता लाभली. परंतु प्रत्यक्ष वापरात राहिले ते डोळे बांधलेलेच चित्र. अखेर १५ एप्रिल १९९९ च्या प्रादेशिक कायद्याने ध्वजाची संहिता निश्चित केली: मस्तकांची पट्टी कपाळावर असेल आणि त्यांची तोंडे ध्वजदंडाच्या विरुद्ध दिशेला असतील. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९९७ मध्ये, प्रदेशाने सार्डिनियन भाषेच्या संवर्धनाचा कायदा केला होता. आणि १९९९ च्याच डिसेंबरमध्ये इटलीच्या संसदेने अल्पसंख्य भाषांच्या कायद्यात सार्डिनियन भाषेला मान्यता दिली. भाषा आणि ध्वज यांच्या शुद्धीची ही कामे एकाच सुमारास व्हावीत, हा योगायोग खचित नसावा. ग्रात्सिया देलेद्दाला १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते इटालियन भाषेतील लेखनासाठी. जिचे जग तिने लिहिले ती बेटाची भाषा तोवर घराच्या उंबरठ्यातच होती.

येथवरची कहाणी वाचकाच्या विजयाची आहे. कर्त्याचा हेतू काहीही असो, सातशे वर्षांत वाचकांनी संहिता आपलीशी केली, ‘त्यांचे’ मस्तक ‘आपले’ करून घेतले, त्याचे डोळे उघडले. ग्रहणाच्या सिद्धान्ताला याहून चांगले उदाहरण शोधावे लागू नये. तथापि याच ठिकाणी थोडे थांबणे आवश्यक आहे.

पट्टी वर सरकली, चेहरे वळले. मान मात्र छाटलेलीच राहिली. वाचकाने मुराच्या जागी स्वतःला कल्पिले, त्यामुळे मूर मुक्त झाला असे नाही. तो त्या चित्रातून अदृश्य झाला, एवढेच. ‘ही मस्तके आमची’ असे म्हणताना ती मुळात कोणाची होती हा प्रश्न सुटत नाही, तो झाकला जातो. आणि २००० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हा प्रश्न पुस्तकातला राहिलेला नाही. अल्जीरियाच्या किनाऱ्यावरून निघालेल्या लहान होड्या सार्डिनियाच्या नैऋत्य किनाऱ्याला लागतात. त्यांतून उतरणाऱ्या उत्तर आफ्रिकी तरुणाला पहिल्याच सरकारी इमारतीवर जो ध्वज दिसतो, त्यावर त्याच्या पूर्वजांच्या नावाने ओळखली जाणारी चार मस्तके असतात. त्याला आल्कोरास ठाऊक नसेल आणि ससारी ब्रिगेडही ठाऊक नसेल. तो जे वाचेल ते चित्रात आहे तेवढेच वाचेल, आणि ते वाचन १२८१ च्या अर्थाच्या फारच जवळचे असेल.

म्हणून हा ध्वज टाकून द्यावा, असे येथे सुचवायचे नाही. तो निर्णय सार्डिनियन जनतेचा. परंतु संहितेवर हक्क सांगणारा वाचक एकटा नसतो, हे या ध्वजावरून शिकण्यासारखे आहे. आपण जिंकलेल्यांचे साहित्य जितांच्या दृष्टीने पुन्हा वाचतो तेव्हा त्या वाचनाला न्यायाचे बळ असते. त्या वाचनातही कोणी तिसरा वगळला जात आहे काय, हे मात्र प्रत्येक वेळी नव्याने तपासावे लागते. सार्डिनियाने कायदा करून आपल्या चार मुरांचे डोळे उघडले त्याला आता पाव शतक उलटून गेले आहे. त्या उघड्या डोळ्यांसमोर दक्षिणेचा समुद्र आहे, आणि होड्या अजून येत आहेत.